मालवाहू पिकअपचे भाग घरी रंगवताना रंगाची निवड कशी करावी

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप किंवा त्याच वर्गातली कोणतीही मालवाहू गाडी पाच-सात वर्षे राबली, की तिचा रंग सगळीकडून सारखा जात नाही. फाळक्याच्या बिजागरीपाशी गंज धरतो, हौद्याच्या तळाचा पत्रा उघडा पडतो, केबिनच्या दाराच्या खालच्या कडेला फुगे येतात आणि चाकाच्या कमानीत खडी लागून पोपडे उडतात. बाकीची गाडी मात्र धुऊन-पुसून घेतली तर चांगली दिसते. अशा वेळी सबंध गाडी गॅरेजला न देता तेवढेच भाग घरी रंगवावेत, हा विचार रास्त आहे आणि ते काम जमण्यासारखेही आहे. ते फसते तेव्हा बहुधा हात कच्चा असल्यामुळे फसत नाही. वेगवेगळ्या जातीचे डबे आणून एकावर एक चढवल्यामुळे फसते. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी वरच्या रंगाची छटा ठरवण्याऐवजी पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर एकमेकांशी जुळतील असे ठरवावेत.

कोणत्या भागाला काय सोसायचे आहे

हौद्याच्या आतल्या बाजूला महागडा पीयू (पॉलियुरेथेन) रंग देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. कांद्याच्या गोण्या, प्लॅस्टिकचे क्रेट, सळया, विटा यांच्या घासण्यापुढे कोणताही चकचकीत रंग फार काळ टिकत नाही आणि पीयूवर ओरखडा गेला की तेवढाच भाग ब्रशने नीट दुरुस्त करता येत नाही. तिथे झिंक फॉस्फेट प्रायमर आणि त्यावर सिंथेटिक एनॅमलचे दोन हात हीच जोडी व्यवहाराची ठरते, कारण वर्ष-दोन वर्षांनी घासकाम करून त्याच डब्यातला रंग पुन्हा मारता येतो. रासायनिक खते किंवा मासळी वाहणाऱ्या गाडीचे गणित मात्र वेगळे आहे. खतातले क्षार ओल धरून ठेवतात आणि मासळीच्या बर्फाचे खारट पाणी पत्र्याच्या सांध्यांत मुरते. अशा हौद्याला दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर इपॉक्सीचाच जाड थर द्यावा. इपॉक्सी उन्हात पांढुरकी पडते व तिची भुकटी सुटू लागते, पण हौद्याच्या आत दिसण्याला किंमत नसल्यामुळे हा दोष तिथे चालवून घेता येतो. बाहेरच्या बाजूला मात्र नुसती इपॉक्सी कधीही उघडी ठेवू नये.

फाळका आणि हौद्याच्या बाहेरच्या बाजू दिसायला बऱ्या हव्यात, पण कंपनीच्या रंगाशी तंतोतंत जुळल्या नाहीत तरी कोणी हटकत नाही. तिथे चांगल्या प्रतीचे एनॅमल चालते. केबिनचे दार, बॉनेट आणि समोरचा दर्शनी भाग यांची गोष्ट निराळी, कारण शेजारीच भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसला पक्का झालेला कंपनीचा रंग असतो आणि एनॅमल त्याच्या शेजारी काही महिन्यांतच उन्हाने निस्तेज दिसू लागते. या भागांना दोन घटकांचा पीयू हाच योग्य रंग आहे, आणि नेमक्या याच रंगाबाबत घरी काम करणाऱ्याने सर्वांत जास्त सावध राहायला हवे. त्याचे कारण पुढे येईलच.

चॅसीला इपॉक्सी प्रायमरवर चॅसी ब्लॅक पुरतो. सायलेन्सरला फक्त उष्णता सोसणारा सिलिकॉनयुक्त रंग द्यावा, तोही उघड्या पत्र्यावर. खाली साधा प्रायमर असेल तर तो जळून वरचा रंग घेऊनच गळतो. ब्रेकच्या रबरी नळ्या, इलेक्ट्रिकल अर्थिंगचे बोल्ट आणि चाकाच्या नटांच्या बैठका यांवर रंग जाऊ देऊ नये.

बंपर प्लॅस्टिकचा असेल तर तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यावर कोणताच रंग आपणहून धरत नाही. प्लॅस्टिक प्रायमर, म्हणजेच अ‍ॅडहीजन प्रमोटर, हा पातळ पारदर्शक थर त्याखाली लागतोच. तो न लावता रंगवलेल्या बंपरचा रंग प्रेशर वॉशरच्या पहिल्याच माऱ्यात पापुद्र्यासारखा सुटतो.

आधीचा रंग कोणता, हे ओळखणे

गाडी आपल्याकडे येण्यापूर्वी ती एकदा रंगवून झालेली असण्याची शक्यता पुष्कळ असते. तो जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय नवा घेऊ नये, आणि ते कळण्यासाठी साधी चाचणी पुरते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी लपलेल्या जागी, उदाहरणार्थ फाळक्याच्या खालच्या कडेला, मिनिटभर दाबून धरावी. रंग विरघळून चिंधीला सहज लागला तर जुना रंग एनसी किंवा एक घटकाचा अ‍ॅक्रिलिक आहे. रंग विरघळण्याऐवजी फुगून सुरकुतला तर ते सिंथेटिक एनॅमल होय. काहीच झाले नाही, फार तर किंचित चमक गेली, तर तो कंपनीचा भाजलेला रंग किंवा पूर्ण पक्का झालेला पीयू समजावा.

यातला दुसरा निकाल सर्वांत त्रासाचा. एनॅमलवर एनसी किंवा पीयूचा तीव्र थिनर पडला की खालचा थर मऊ होऊन उचलला जातो आणि सगळा पृष्ठभाग क्षणात सुरकुत्यांनी भरून जातो. तसे झाल्यावर पत्र्यापर्यंत खरवडण्याखेरीज उपाय उरत नाही. म्हणून जुन्यावर एनॅमल निघाले तर वर एनॅमलच द्यावे, किंवा ते पूर्ण काढून नव्याने सुरुवात करावी. कंपनीच्या पक्क्या रंगावर मात्र नीट घासून घेतल्यास कोणतीही जात चालते, आणि तो जिथे घट्ट धरून आहे तिथे काढण्याचे कारण नाही. त्याच्याइतका चांगला प्रायमर बाजारात विकत मिळत नाही.

जुना रंग घासताना एक खबरदारी घ्यावी. भारतात रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे २०१६चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. वाहनांचे रंग त्यांत येत नाहीत. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिसे असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे असा रंग ग्राइंडरने कोरडा उडवू नये, पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, आणि लहान मुले अंगणात खेळत असतील तर काम दुसऱ्या जागी न्यावे.

दुकानात मिळणाऱ्या चार जाती

एनसी रंग थिनर उडून गेल्यामुळे वाळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत हात लावण्याजोगा होतो. धूळ बसायला वेळच मिळत नाही, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येते, आणि म्हणून शिकाऊ माणसाला तो सोपा वाटतो. पण डिझेल-पेट्रोलचा ओघळ आला की तो तिथे मऊ पडतो, चमक आणण्यासाठी पॉलिश करावेच लागते आणि उन्हात तो लवकर विटतो. राबणाऱ्या गाडीला तो घेऊ नये असे माझे मत आहे.

सिंथेटिक एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पक्के होते, म्हणून ते सावकाश वाळते. वरून कोरडे लागायला काही तास आणि काम करण्याजोगे घट्ट व्हायला किमान एक दिवस लागतो. ब्रशने मारता येते, टर्पेंटाइनने पातळ करता येते आणि सांडले तरी घाबरण्यासारखे काही नसते. दोन हातांमधल्या वेळेबाबत मात्र डब्यावरची सूचना तंतोतंत पाळावी, कारण अर्धवट वाळलेल्या थरावर पुढचा हात दिला की तोही सुरकुततो. दुकानात 'एनॅमल' एवढेच सांगितले तर घराच्या ग्रिलचा डबा हातात पडतो. वाहनांसाठीचे किंवा ट्रॅक्टरसाठीचे एनॅमल असे स्पष्ट सांगावे.

स्प्रेचा कॅन हा तिसरा प्रकार. बिजागरी, आरशाचे कवच, हाताच्या पंजाएवढा ओरखडा यांसाठी तो उत्तम आहे. मोठ्या पत्र्यावर तो महागात पडतो, कारण कॅनमध्ये प्रत्यक्ष रंग थोडा आणि बाकीचा भाग थिनर व दाबाच्या वायूचा असतो, त्यामुळे थर पातळ बसतो आणि कॅनवर कॅन संपत जातात.

चौथा पीयू, ज्याला दुकानदार टू-के असेही म्हणतात. रंग आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत मिश्रण भांड्यातच घट्ट होते; मे महिन्याच्या उकाड्यात हा अवधी बराच घटतो. इंधन, ऊन, खडी या तिन्हींना हा रंग इतर तिन्ही जातींपेक्षा चांगला पुरून उरतो. प्रमाण ४ला १ असेल किंवा २ला १, ते त्या डब्यापुरतेच खरे मानावे आणि हार्डनर त्याच कंपनीचा, त्याच रंगासाठीचा घ्यावा. लवकर वाळावा म्हणून हार्डनर जास्त ओतणे ही गॅरेजमधली जुनी सवय आहे. तिने रंग ठिसूळ होतो, टिकाऊ होत नाही.

आता सावधगिरीचे कारण. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे गनमधून उडणाऱ्या त्यांच्या तुषारांमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्यांची अ‍ॅलर्जी झाली की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणते. अपाय होण्याइतकी मात्रा हवेत असली तरी तिचा वास येईलच असे नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क इथे निरुपयोगी आहे. कार्बन कार्ट्रिजचा मास्क थोडी मदत करतो, परंतु कार्ट्रिज केव्हा संपले हे वासावरून कळत नाही. म्हणून बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क हीच खरी व्यवस्था आहे. ती आपल्याकडे बहुतेक गॅरेजांतही नसते, घरी तर नसतेच.

तेव्हा केबिनच्या दाराला पीयूच द्यायचा असेल तर घासणे, लांबी (पुट्टी) भरणे, प्रायमर घोटणे ही सगळी मेहनतीची कामे घरी करावीत आणि दार सोडवून, शेवटचे दोन हात मारण्यापुरते, योग्य सोय असलेल्या पेंटरकडे न्यावे. मजुरीचा मोठा भाग तयारीच्या कामाचाच असल्यामुळे बचत फारशी कमी होत नाही. लहान तुकड्याला पीयू ब्रशने किंवा फोमच्या रोलरने मारला तर तुषार उडत नाहीत, परंतु हातमोजे आणि मोकळी हवा तेव्हाही हवीच.

पत्र्यावरचा पहिला थर

महाराष्ट्रात गंजलेल्या लोखंडाला लाल ऑक्साइड मारणे ही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, आणि वर एनॅमल असेल तर ती चुकीचीही नाही. पण लाल ऑक्साइड हा स्वतः एनॅमलच्या जातीचा असल्यामुळे त्यावर पीयू किंवा एनसी मारला की वर सांगितलेला सुरकुत्यांचा प्रकार होतो. शिवाय तो पाणी पूर्ण अडवत नाही. नुसत्या लाल ऑक्साइडवर गाडी पावसात उभी ठेवली तर आतून पुन्हा गंज सुरू होतो. दोन्ही बाजूंनी सुरक्षित निवड म्हणजे दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. त्यावर एनॅमल चालते, पीयू चालतो, लांबीही चालते. त्याचा हार्डनर पीयूपेक्षा वेगळा, बहुधा अमाइनचा असतो, आणि हा प्रायमर ब्रशनेही मारता येतो. कातडीला मात्र तो लागू देऊ नये.

हौद्याचा काही पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्यावर एनॅमल थेट मारू नये. एनॅमलमधील तेलयुक्त घटक जस्ताशी क्रिया करून साबणासारखा थर तयार करतात आणि काही महिन्यांनी रंग तावच्या ताव सुटतो. तिथे एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी लागते. एच प्रायमरमध्ये आम्ल असल्यामुळे त्यावर पॉलिएस्टर लांबी भरू नये, आणि त्यावर इपॉक्सी चालते की नाही हे डब्यावर पाहावे.

पोचा भरण्यासाठी दोन घटकांची पॉलिएस्टर लांबी घ्यावी. तिचा हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के लागतो. सुपारीएवढ्या गोळ्यात बोटभर हार्डनर कालवला तर तो जास्तीचा अंश पुढे वरच्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येतो. एनसी लांबी फक्त सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजवण्यापुरती वापरावी, कारण जाड थरात ती आतून ओली राहते आणि महिन्याभराने बसते.

छटा जुळवणे आणि प्रमाण काढणे

मालवाहू गाड्यांमध्ये पांढऱ्याचे राज्य असले तरी सगळे पांढरे एक नाहीत. टाटाचा आर्क्टिक व्हाइट आणि महिंद्राचा डायमंड व्हाइट शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. रंगाचा कोड दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा सीटखालच्या पट्टीवर सापडतो, मॉडेलनुसार जागा बदलते. कोडवरून बनवलेला रंग नव्या गाडीशी जुळतो, उन्हाने पिवळलेल्या गाडीशी नाही, म्हणून शक्य असल्यास इंधनाच्या टाकीचे झाकण किंवा दाराचा छोटा तुकडा घेऊन दुकानात जावे आणि पट्टीवर मारून, वाळवून, भर उन्हात ताडून पाहावा. तरीही फरक राहतोच. तो लपवायचा असेल तर अर्ध्या दारावर थांबू नये, पत्र्याच्या सांध्यापर्यंत रंगवावे. मेटॅलिक छटा घरी करू नये. गनचा दाब आणि अंतर बदलले की त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण वेगळे बसतात आणि एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन छटा दिसतात.

किती रंग लागेल ते साध्या हिशेबाने कळते. दीड मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर उंच फाळका दोन्ही बाजूंनी धरला तर १.२ चौरस मीटर होतो. मारण्याजोग्या रंगात घन भाग ४० टक्के धरला आणि वाळल्यावर ५० मायक्रॉन जाडी हवी असेल, तर एक लिटर रंग तत्त्वतः ८ चौरस मीटरला पुरतो. म्हणजे फाळक्याला दीडशे मिलिलिटर. ब्रशने मारताना फार वाया जात नाही, पण गनमधून जवळजवळ निम्मा रंग हवेत जातो असे धरून तीनशे मिलिलिटर तयार ठेवावा. अर्ध्या लिटरचा डबा पुरतो.

कामाचा क्रम

भाग सोडवता येत असेल तर सोडवून घ्यावा. आधी साबणाच्या पाण्याने धुवावा आणि वॅक्स-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावा. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. हे पुसणे घासण्यापूर्वीच करायचे, नाहीतर ग्रीस घासपट्टीने पत्र्यात अधिकच खोल जाते. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांतला काळा गंज हटत नसेल तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावून, डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन, पूर्ण सुकवावे. त्यानंतर प्रायमरला उशीर करू नये. घाटावर सकाळी उघडा केलेला पत्रा दुपारी रंगवला तरी चालते. कोकणात पावसाळी हवेत तासाभरात त्यावर तांबूस झाक येते.

लांबी १२० आणि १८० नंबरने सपाट करावी, प्रायमर ३२० किंवा ४०० नंबरने घोटावा, आणि वरच्या रंगापूर्वी शेवटचा पाणी लावलेला हात ६०० नंबरचा असावा. एनॅमलला ४०० पुरते. त्यापेक्षा गुळगुळीत केल्यास रंगाला धरायला जागा राहत नाही. गन वापरणार असाल तर प्रायमरला १.६ ते १.८ मिलिमीटरचे आणि वरच्या रंगाला १.३ ते १.४ मिलिमीटरचे नोझल घ्यावे, आणि कॉम्प्रेसर गनच्या मागणीएवढी हवा देतो का हे आधी पाहावे. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या, गनला पुरा पडत नाही, दाब मध्येच पडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत येतो. पहिला हात अगदी विरळ, खालचे अंधुक दिसेल असा द्यावा. तो झाकला गेला नाही म्हणून लगेच भर घातली की उभ्या पत्र्यावर ओघळ आलाच.

हवामानाचा विचार वेळ ठरवतानाच करावा. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना किंवा पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे दव धरू लागण्याच्या तापमानाच्या, जेमतेम जवळ असताना रंगवू नये. एनसीवर पांढरा धूसर पडदा येतो आणि एनॅमलची चमक मरते. देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण दव उडाल्यावर सुरू करून सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी संपवावे, म्हणजे ओल्या रंगावर रात्रीचे दव पडत नाही. एप्रिल-मेमध्ये हात टेकवत नाही इतक्या तापलेल्या पत्र्यावर रंग मारला तर तो पसरण्याआधीच वाळतो. थिनरची वाफ जड असते आणि जमिनीलगत लांबवर जाते, त्यामुळे स्वयंपाकघराचा गॅस, पाणी तापवण्याचा गीझर, इन्व्हर्टर आणि तिन्हीसांजेचे निरांजनसुद्धा कामाच्या जागेपासून दूर असले पाहिजे.

परवान्याचा भाग

तीच छटा पुन्हा दिली तर कोणाला काही कळवावे लागत नाही. गाडीचा रंग बदलला तर नोंदणी पुस्तकातली नोंदही आरटीओकडे बदलून घ्यावी लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन हा लष्कराच्या वाहनांचा रंग असल्यामुळे खासगी गाडीला तो देता येत नाही. परावर्तक पट्ट्या रंगाखाली झाकू नयेत. फाळका रंगवण्यापूर्वी त्या काढाव्यात आणि रंग आठवडाभर पक्का झाल्यावर नव्या लावाव्यात, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. फाळक्यावरच्या अक्षरांची हौस असेल तर एनॅमलच वापरावे, ब्रशच्या रेषेला त्याच्याइतका दुसरा रंग साथ देत नाही. 'हॉर्न ओके प्लीज' मात्र राज्य शासनाने २०१५ साली बंद केले आहे.

उरलेल्या डब्यावर रंगाचा कोड, जात आणि तारीख लिहून ठेवावी. हार्डनर घातलेला रंग मूळ डब्यात परत ओतू नये. पीयूच्या हार्डनरची उघडलेली बाटली ओल शोषते, तिच्यात वायू साठून ती फुगते आणि आतले द्रव गढूळ होते. तशी दिसल्यास, किमतीकडे न पाहता, वापरातून काढून टाकावी.